वेगाकडे कोण बघत होतं?

१४ फेब्रुवारी १९९०. दुपारी बाराच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट ६०५ मुंबईहून बेंगळुरूला निघालं. विमान होतं एअरबस ए-३२०, ताफ्यात नव्यानेच दाखल झालेलं. त्या काळी याच्याइतकं संगणकावर चालणारं प्रवासी विमान दुसरं नव्हतं. हवा स्वच्छ होती. वाटेत इंजिन बंद पडलं नाही, पक्षी आपटला नाही, कुठला भाग निखळला नाही. एकच्या सुमारास ते विमान एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुढच्या बांधावर आदळलं आणि पेटलं. आतल्या १४६ जणांपैकी ९२ जण गेले.

मी तेव्हा बोइंग ७३७वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होतो. बातमी आली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात इंजिनाचाच विचार आला. चौकशीतून जे बाहेर आलं ते इंजिन बिघडण्यापेक्षा वाईट होतं. विमान ठरलेल्या वेगापेक्षा वीसहून जास्त नॉटनी (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) हळू झालं होतं, दोन्ही इंजिनं ठणठणीत असताना आयडलवर, म्हणजे सगळ्यांत कमी ताकदीवर, फिरत होती, आणि कॉकपिटमध्ये दोन अनुभवी कॅप्टन बसलेले होते. एक जण कमांडची, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक होण्यासाठीची, तपासणी देत होता, दुसरा ती घेत होता. आमच्या एका ज्येष्ठ कॅप्टननी अहवालाबद्दल ऐकून एकच प्रश्न विचारला होता, ‘मग वेगाकडे कोण बघत होतं?’

तो प्रश्न मी पुढे सगळी नोकरी बाळगला. आता निवृत्तीनंतर सिम्युलेटरवर शिकवतो, तेव्हाही तोच विचारतो.

त्या दिवशी काय झालं ते थोडं उलगडून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. ए-३२०मध्ये खाली उतरताना संगणकाला वेगवेगळ्या प्रकारे काम सांगता येतं. त्यातल्या एका मोडमध्ये संगणक म्हणतो: इंजिनं मी आयडलवर ठेवतो, वेग सांभाळायला नाक वरखाली करा, ते किती करायचं ते मी पडद्यावर दाखवतो. पडद्यावरच्या त्या खुणांना फ्लाइट डायरेक्टर म्हणतात. खुणांमागे निमूट गेलात तर वेग नीट राहतो. पण पायलट समोर धावपट्टी बघून उडवत असला, आणि आपण जरा खाली आलोय असं वाटून त्याने नाक वर धरलं, तर इंजिनं तशीच आयडलवर राहतात आणि वेग घसरत जातो. दोघांपैकी एकाचा फ्लाइट डायरेक्टर बंद झाला, दुसऱ्याचा चालू राहिला. दोन्ही बंद झाले असते तर यंत्रणेने मोड बदलून वेग स्वतः धरला असता. एक चालू असल्यामुळे ती जुन्याच हुकमाला चिकटून राहिली. यंत्राचा आवाज उंची मोजत होता: चारशे, तीनशे, दोनशे. आपण आयडलवर उतरतोय हे बोलण्यातही आलं होतं. हात इंजिनांची ताकद वाढवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर गेला तो अगदी शेवटी, आणि जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण ताकदीवर यायला काही सेकंद लागतात. ते सेकंद उरले नव्हते.

यानंतर तेवीस वर्षांनी, ६ जुलै २०१३ रोजी, सोलहून आलेलं एशियाना एअरलाइन्सचं फ्लाइट २१४ सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. विमान वेगळ्या कंपनीचं, बोइंग ७७७. देश वेगळा, पायलट वेगळे. दिवस मात्र तसाच, लख्ख उन्हाचा. धावपट्टीवर काम चालू असल्याने उतरण्याचा तिरपा मार्ग दाखवणारी रेडिओ यंत्रणा बंद होती, त्यामुळे डोळ्यांनी बघून उतरायचं होतं. विमान उडवणाऱ्या पायलटकडे जवळपास दहा हजार तासांचा अनुभव होता, पण ७७७वर तो नवीन होता. अपघातानंतर त्याने तपास करणाऱ्यांना सांगितलं की त्या यंत्रणेशिवाय उतरायचं म्हणून तो काळजीत होता. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. दहा हजार तास उडवलेल्या माणसाला, स्वच्छ हवेत, समोर दिसणाऱ्या धावपट्टीवर उतरण्याची काळजी वाटत होती.

त्या अ‍ॅप्रोचमध्ये, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, त्याने एक मोड निवडला, विमान वर चढू लागलं, म्हणून त्याने ऑटोपायलट काढला आणि लिव्हर मागे ओढले. त्या क्षणी इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल गप्प बसला. तो बंद नव्हता, पण वेग राखायला उठणारही नव्हता. कॉकपिटमधल्या तिघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. १३७ नॉट वेग हवा होता, तो १०३वर आला. विमानाची शेपूट खाडीच्या काठच्या बांधावर आपटली. ३०७ जणांपैकी तिघी गेल्या, तिघी शाळकरी मुली. इंजिनं इथेही ठणठणीत होती.

दोन्ही ठिकाणी माणसांना वाटलं की वेग यंत्र बघतंय.

लोक मला विचारतात, की पायलट आता विमान हाताने उडवायला विसरलेत, हे खरं का? प्रश्न बरोबर आहे, पण ‘हाताने’ या शब्दामुळे लक्ष चुकीच्या जागी जातं. सिम्युलेटरमध्ये मी एखाद्या तरुण फर्स्ट ऑफिसरला सगळं काढून टाकायला सांगतो. ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (एअरबसमधला ऑटोथ्रॉटल), फ्लाइट डायरेक्टर, सगळं बंद. आमच्यात त्याला ‘रॉ डेटा’ म्हणतात. पहिली दोन-तीन मिनिटं विमान जरा डगमगतं, मग हात जागेवर येतात. हात पटकन येतात, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. पण नजर फिरत नाही. उंचीकडे बघितलं की वेग सुटतो, वेग धरला की दिशा वाहवत जाते. मग मी विचारतो, वारा कुठून आहे? धावपट्टी किती मैलांवर? या वेगाने मिनिटाला किती फूट उतरायला हवं? उत्तर येत नाही. डोळे आपोआप नकाशाच्या पडद्याकडे जातात, आणि तो मी मुद्दाम बंद केलेला असतो.

माझ्या या निरीक्षणाला आधार देणारा एक अभ्यास आहे, आणि तो प्रत्येक ट्रेनिंग विभागाच्या भिंतीवर लावायला हवा असं मला वाटतं. नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा एअरलाइन पायलटांना बोइंग ७४७-४००च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि ऑटोमेशनच्या पायऱ्या एकेक करून कमी केल्या. २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपकरणं वाचणं आणि हाताने विमान धरून ठेवणं ही कौशल्यं थोडी गंजली होती, पण बऱ्यापैकी टिकून होती. खूप बिघडलं होतं ते दुसरंच: नकाशाशिवाय आपण कुठे आहोत हे डोक्यात ठेवणं, पुढची पायरी आधीच ठरवून ठेवणं, एखादं उपकरण खोटं बोलतंय हे ओळखणं. आणि ज्यांचं मन उड्डाणात गुंतलेलं होतं त्यांचं ते कमी बिघडलं होतं.

म्हणून मला वाटतं की हाताने उडवण्याचं खरं मोल हातांपुरतं नाही. हात कामाला लागले की मन जागेवर राहतं. दुसरं कुणीच वेग बघणार नाही हे ठाऊक असलं की माणूस वेग बघतो.

आम्ही ७३७-२०० उडवायचो तेव्हा ऑटोपायलट होता, पण साधा. दिशा धरायचा, उंची धरायचा. इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचं काम आमचं. त्यामुळे नजरेची एक फेरी अंगवळणी पडली होती: मध्ये कृत्रिम क्षितिज, तिथून वेग, परत क्षितिज, उंची, परत क्षितिज, दिशा. जेवताना, गप्पा मारतानाही ती फेरी चालू असायची. कानही कामाला असायचे. इंजिनांचा आवाज जरा खाली गेला की मान आपोआप वेगाच्या काट्याकडे वळायची. उजवा हात किंवा डावा हात, जो लिव्हरवर असेल, त्यालाही सगळं कळायचं. एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना लिव्हर हलत नाहीत. एका खाचेत बसवले की इंजिनं वाढोत की उतरोत, लिव्हर तिथेच. आणि एका पायलटने साइडस्टिक, म्हणजे बाजूला असलेली विमान वळवायची काठी, ओढली तरी दुसऱ्याची जागची हलत नाही. त्यामागे विचार आहे, वजन कमी होतं, गुंतागुंत कमी होते, आणि मी स्वतः ए-३२० पुढे अनेक वर्षं आनंदाने उडवलं. पण हाताला मिळणारी बातमी बंद झाली, ती डोळ्यांवर टाकली गेली, आणि डोळ्यांना तर आपण सांगून ठेवलं होतं की आता फार बघायची गरज नाही.

हा काही यंत्राविरुद्धचा राग नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात उतरलेला कुठलाही पायलट यंत्राची निंदा करणार नाही. धावपट्टीवर पन्नास मीटरच्या पुढचं दिसत नसताना विमान स्वतः उतरतं, आणि तिथे ते त्यानेच उतरवायचं असतं, माणसाने हात घालायचा नसतो. प्रवासी घेऊन असं आपोआप टेकलेलं पहिलं विमान १९६५चं, पॅरिसहून लंडनच्या हीथ्रोला आलेलं एक ट्रायडेंट. म्हणजे ही कला साठ वर्षांची आहे. ऑटोपायलट तर त्याहून जुना. जून १९१४मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुणाने परीक्षकांसमोरून विमान नेताना दोन्ही हात वर करून दाखवले होते, आणि त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला होता. लांबच्या रात्री, थकलेली माणसं, वादळं टाळत सहा-सात तास समुद्रावरून जायचं असताना उंची-दिशा यंत्राने धरावी यातच शहाणपण आहे. विमानप्रवास आज इतका सुरक्षित आहे त्यात या यंत्रांचा मोठा वाटा आहे.

अडचण त्या यशातूनच येते. लिझान बेनब्रिज या लंडनमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्येच, एका अगदी छोट्या निबंधात, हे लिहून ठेवलं आहे. यंत्राला जे जमतं ते त्याला दिलं की माणसाकडे उरतं ते सगळ्यांत अवघड काम: यंत्राला जमेनासं झालं की हातात घेणं. पण रोज करायला न मिळाल्याने माणूस नेमका त्याच कामाला कच्चा होत जातो. आणि मधल्या वेळात आपण त्याला सांगतो, नुसतं लक्ष ठेव. काही घडत नसताना नुसतं लक्ष ठेवणं माणसाला अर्ध्या तासापलीकडे नीट जमत नाही, हे दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवाल्यांच्या निमित्ताने मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं. म्हणजे माणसाला सगळ्यांत कमी जमणारं काम आपण पायलटला दिलं, आणि मग तो चुकला की त्याला आळशी म्हटलं.

एअर फ्रान्स ४४७ची हकीकत बऱ्याच जणांनी वाचली असेल. १ जून २००९, रिओ दि जानेरोहून पॅरिस, एअरबस ए-३३०, २२८ माणसं. अटलांटिकवर वादळी ढगांच्या पट्ट्यात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला. संगणकाला वेगाचा भरवसा वाटेना, त्याने ऑटोपायलट सोडला आणि विमान माणसांच्या हवाली केलं. रात्र, ३५ हजार फूट, कॅप्टन नियमाप्रमाणे विश्रांतीला गेलेले. त्या क्षणी काय करायला हवं होतं? फारसं काही नाही. नाक क्षितिजाच्या दोन-अडीच अंश वर होतं ते तिथेच, इंजिनांची ताकद होती तेवढीच. विमान जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं असतं, आणि वेगाचे आकडे मिनिटभराच्या आत परत खरे झाले होते. पण उडवणाऱ्या पायलटने साइडस्टिक मागे ओढली. विमान ३८ हजारांपर्यंत चढलं, वेग गमावला आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांनी उचलणं सोडलं. स्टॉलचा इशारा वाजत राहिला. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्या वेळात आपण स्टॉलमध्ये आहोत हे कॉकपिटमध्ये कुणीच ओळखलं नाही. मधे एक भयंकर गोष्ट झाली. वेग इतका कमी झाला की संगणकाने तो आकडाच अवैध ठरवला आणि इशारा थांबवला. मग नाक जरा खाली घेतलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग पुन्हा ‘वैध’ व्हायचा आणि इशारा वाजू लागायचा. बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता.

या अपघाताबद्दल बोलताना त्या तरुण पायलटवर बोट ठेवून मोकळं होणारे फार भेटतात. मला ते पटत नाही. फ्रान्सच्या तपास संस्थेने २०१२च्या अहवालात स्पष्ट नोंदवलं आहे की एवढ्या उंचीवर विमान हाताने धरण्याचं आणि वेग अविश्वसनीय झाल्यावर तिथे काय करायचं याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलंच नव्हतं. आणि ते मिळवणार कुठे? २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानं एकमेकांपासून उभ्या अंतराने फक्त हजार फुटांवर असतात. उंची इतकी काटेकोर राखायची तर ती ऑटोपायलटनेच धरायची, असा नियम आहे आणि योग्यच आहे. म्हणजे एअरलाइन पायलट आपल्या आयुष्याचे हजारो तास ज्या हवेत काढतो, त्या हवेत त्याने स्वतःच्या हाताने विमान जवळपास कधीच उडवलेलं नसतं. विरळ हवेत विमान हलक्या हाताने धरावं लागतं. खाली जेवढं ओढतो तेवढं तिथे ओढलं तर नाक भलतंच वर जातं. हे सांगून कळत नाही. त्या अपघातानंतर जगभर प्रशिक्षण बदललं, स्टॉल पूर्ण होऊ देऊन त्यातून बाहेर काढायला शिकवणं अमेरिकेत २०१९पासून बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण सिममध्ये बसताना प्रत्येकाला माहीत असतं की आज काहीतरी बिघडणार आहे. ४४७वर तसं कुणालाच ठाऊक नव्हतं.

असाच अन्याय ७३७ मॅक्सच्या वेळी झाला. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियात १५७ माणसं गेली, आणि काही जण लगेच म्हणू लागले की तिकडच्या पायलटांना हाताने उडवता येत नाही. विमानात एक यंत्रणा बसवली होती जी एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर पुन्हा पुन्हा नाक खाली ढकलत होती, आणि पहिला अपघात होईपर्यंत ती काय करते हे पायलटांच्या पुस्तकात समजावलेलं नव्हतं. हस्तकौशल्य कमी होतंय म्हणून मी लिहितोय, पण या शब्दांआड विमान बनवणाऱ्यांनी लपावं हे मला मान्य नाही.

आमच्या कामात एक गणित असतं आणि ते सगळं तोंडी करायचं असतं. आजोबांच्या पिढीला पावकी-निमकी-दिडकी पाठ असायची तसे हे आमचे पाढे. उंची हजारांत घ्या, तिला तीनने गुणा, तितके मैल आधी उतरायला सुरुवात करा: ३० हजार फुटांवर असाल तर ९० मैल, शिवाय वेग कमी करायला थोडे जास्त. जमिनीवरचा वेग घ्या, पाचने गुणा: १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. नकाशाच्या पडद्यावर हे सगळं आयतं काढून दिलेलं असतं. कुठे उतरायला सुरुवात करायची तिथे एक खूण असते, आणि विमान ज्या मार्गाने जाणार तो मॅजेंटा रंगाच्या रेषेने आखलेला असतो. पाढे म्हणणारा माणूस त्या रेषेकडे बघून म्हणतो, ही रेषा मला पाच मैल उशिरा उतरवतेय, काहीतरी चुकलंय. पाढे न म्हणणारा रेषेमागे जातो.

डिसेंबर १९९५मध्ये कोलंबियातल्या कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ असंच रेषेमागे गेलं. घाईत एका रेडिओ केंद्राचं एकच अक्षर संगणकात टाइप केलं गेलं, संगणकाने त्याच अक्षराचं भलतंच, दूरचं केंद्र उचललं, आणि रात्रीच्या अंधारात विमान निमूट डोंगरांकडे वळलं. पायलट डोकं खाली घालून कीबोर्डवर आपण कुठे आहोत ते शोधत होते. १५९ माणसं गेली. त्यानंतर, १९९७मध्ये, त्याच कंपनीचे ट्रेनिंग कॅप्टन वॉरेन वँडरबर्ग यांनी पायलटांसमोर एक व्याख्यान दिलं आणि मॅजेंटा रेषेची लेकरं हा शब्दप्रयोग तिथून जगभर गेला. त्यांचं म्हणणं साधं होतं: यंत्र तुमचं काम हलकं करत नसेल, तर त्याला आणखी काही शिकवत बसू नका, एक पायरी खाली उतरा, तेही पुरेना झालं तर बटण दाबून ऑटोपायलट काढा आणि विमान उडवा. माझ्या माहितीत पायलटांना इतक्या थोडक्यात इतकं उपयोगी कुणी सांगितलेलं नाही.

माझी पुतणी गोंदियाला शिकली. लहान विमानांवर दोनशे तास, मग परवाना, मग सिम्युलेटर, आणि आता ए-३२०वर फर्स्ट ऑफिसर. हुशार आहे, अभ्यासू आहे, मॅन्युअल तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. दिवाळीत घरी आली तेव्हा मी विचारलं, ‘अगं, शेवटचा रॉ डेटा अ‍ॅप्रोच कधी केलास? सिममधला नको सांगूस.’ तिने आठवून बघितलं आणि म्हणाली, ‘काका, लाइनवर, प्रवासी घेऊन जाताना, कोण करू देतं?’

मग तिने जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं, पण तिच्या तोंडून ऐकताना टोचलं. प्रत्येक उड्डाणाचा डेटा जमिनीवर वाचला जातो. वेग, उतरण्याचा दर, टेकताना बसलेला धक्का, काहीही मर्यादेबाहेर गेलं की फोन येतो, खुलासा द्यावा लागतो. दिवसाला चार-चार फेऱ्या असतात, कॅप्टन थकलेले असतात, शेजारी नवखी मुलगी हाताने उडवत असली की त्यांना दुप्पट लक्ष द्यावं लागतं. ‘काका, हाताने उडवून मला मिळणार काय? चांगलं झालं तर कुणाला कळणार नाही. दहा नॉट इकडेतिकडे झालं तर मात्र सोमवारी ऑफिसात बोलावणार.’

तिला खोडून काढावं असं माझ्याकडे काही नव्हतं. डेटा वाचणं चांगलंच आहे, त्याने अनेक अपघात टळले असतील. पण कंपनीच्या पुस्तकात ‘योग्य परिस्थितीत मॅन्युअल फ्लाइंगला प्रोत्साहन द्यावं’ असं एक वाक्य असतं, आणि त्या वाक्यासमोर टेलिफोन असतो. जिथे वाक्य आणि टेलिफोन यांची गाठ पडते तिथे माणूस टेलिफोनचंच ऐकतो. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने जानेवारी २०१३मध्ये, म्हणजे एशियानाच्या सहा महिने आधी, कंपन्यांना रीतसर कळवलं होतं की योग्य वेळी पायलटांना हाताने उडवायला उत्तेजन द्या. २०१६मध्ये त्यांच्याच परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी तपासलं, तर पायलटांना यंत्रावर लक्ष ठेवणं आणि हाताने उडवणं नीट येतं का, हे पाहायची पुरेशी व्यवस्थाच प्रशासनाकडे नव्हती. २०२२मध्ये पुन्हा एक सविस्तर परिपत्रक निघालं. कागद भरपूर आहेत.

मला हवंय ते फार मोठं नाही. प्रत्येक फेरीत उडवा असं मी म्हणत नाही. मुंबईत दर दोन-तीन मिनिटांना एक विमान उतरत असतं, कंट्रोलर अमुक मैलापर्यंत अमुक नॉट राखा असं सांगत असतो, जुलैचा पाऊस असतो; तिथे ऑटोपायलट लावून दोघांनी चारही डोळे बाहेर आणि वेगावर ठेवावेत. पण देशात रिकाम्या दुपारचे कितीतरी विमानतळ आहेत. स्वच्छ हवा, गर्दी नाही, दोघं ताजे. तिथे ठरवून, आधी बोलून, दहा-पंधरा मिनिटं उडवू द्यावं. कंपनीने सांगावं की अशा वेळचा छोटा विचलनाचा आकडा आम्ही शिक्षणाचा भाग मानू. ट्रेनिंगच्या वेळापत्रकात सक्तीच्या बिघाडांची यादी संपल्यावर वेळ उरत नाही. तो वेळ विकत घ्यावा, सिम्युलेटरचा तास महाग असतो हे मला माहीत आहे, तरी घ्यावा. आणि कॅप्टन लोकांनी जरा धीर धरावा. आपल्यालाही कुणीतरी धीर धरून शिकवलं होतं.

मार्चमध्ये तिचा फोन आला. नागपूरला उतरायचं होतं, दुपार होती, वरखाली कुणी नव्हतं. तिने ब्रीफिंगमध्ये विचारलं, ‘सर, हवा चांगली आहे, ट्रॅफिक नाही. आज रॉ डेटा करू का?’ कॅप्टननी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, ‘आधी मला सांग, दहा मैलांवर कुठे असशील?’ ती म्हणाली, ‘तीन हजार फूट.’ मग थांबली, आणि म्हणाली, ‘नाही सर, नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, म्हणजे अल्टीमीटरवर चार हजार.’ कॅप्टन म्हणाले, ‘कर. वेग मी मोठ्याने म्हणत राहीन. हजार फुटांना स्थिर नसशील तर गो-अराउंड, वाद नाही.’ गो-अराउंड म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं.

तिने सगळं काढलं. एकदा वेग सात नॉट वर गेला, तो कॅप्टननी म्हणायच्या आधी तिला दिसला होता, असं तिने मला दोनदा सांगितलं. ऑफिसातून फोन आला नाही. परतीच्या फेरीत मुंबईवर विमानांची रांग लागली होती, तिथे त्यांनी ऑटोपायलट लावला आणि तो अगदी शेवटच्या हजार फुटांत काढला. ते बरोबरच केलं, असं मी तिला म्हटलं. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये तिला त्याच कॅप्टनबरोबर आणखी दोन फेऱ्या आहेत, आणि त्यातली एक पुन्हा नागपूरची आहे.